प्रश्न आणि कुऱ्हाड

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात ‘विचफाइंडर जनरल’ हा इंग्रजी चित्रपट दाखविल्यानंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या एका निवृत्त शिक्षकाने भयपटावर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मलाही वाटले. भयपटांच्या वाटेला मी आयुष्यात फारसा गेलेलो नाही. परंतु आत्ता आपण जो चित्रपट पाहिला त्यात भूत नाही, चेटूक नाही, थडग्यातून उठणारे प्रेत नाही. त्यात एक हिशेबी माणूस आहे, त्याचा एक मदतनीस आहे आणि त्या दोघांचा एक धंदा आहे. धंद्याविषयी बोलण्याचा अधिकार अर्थशास्त्राच्या शिक्षकाला असतो, एवढ्याच आधारावर मी आपल्यापुढे उभा आहे.

हा चित्रपट १९६८ साली इंग्लंडमध्ये प्रदर्शित झाला. त्याचा दिग्दर्शक मायकेल रीव्ह्ज तेव्हा चोवीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी तो वारला. चित्रपटाचा काळ १६४५ चा. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध जुंपलेले आहे. आरंभीच पूर्व इंग्लंडच्या हिरव्या माळावरून एका बाईला फरफटत फाशीच्या खांबाकडे नेले जाते. ती किंचाळत असते, पाद्री प्रार्थना म्हणत असतो आणि काही अंतरावर घोड्यावर बसून एक मनुष्य हे सारे शांतपणे पाहत असतो. तो मॅथ्यू हॉपकिन्स. व्हिन्सेंट प्राइस हा नट इतर भयपटांत भडक अभिनयासाठी ओळखला जाई; येथे तो आवाजदेखील क्वचितच चढवितो. कचेरीतील एखादा कारकून फाइल हातावेगळी करतो, तितक्या थंडपणे तो माणसे हातावेगळी करतो.

पुढील कथा आपण पाहिलीच आहे. ब्रँडेस्टन गावचा वृद्ध पाद्री जॉन लोज याच्यावर सैतानाशी संधान बांधल्याचा आरोप येतो. त्याच्या घरात वाढलेली सारा त्याला वाचविण्यासाठी स्वतःला हॉपकिन्सच्या स्वाधीन करते. हॉपकिन्सचा मदतनीस जॉन स्टर्न तिच्यावर बलात्कार करतो. ते कळताच हॉपकिन्सचा तिच्यातील रस संपतो आणि वृद्ध फासावर जातो. सारा ज्याची वाग्दत्त वधू, तो रिचर्ड मार्शल पार्लमेंटच्या फौजेतील घोडेस्वार. उद्ध्वस्त चर्चमध्ये गुडघे टेकून तो सुडाची शपथ घेतो, आणि अखेरीस एका किल्ल्यात हॉपकिन्सवर कुऱ्हाडीचे घाव घालू लागतो. त्याचाच एक सोबती हे न पाहवून हॉपकिन्सला गोळी घालतो, तेव्हा मार्शल वेड्यासारखा ओरडत राहतो की, माझा बळी तू माझ्यापासून हिरावून घेतलास. साराची किंकाळी घुमत राहते आणि चित्रपट संपतो.

या हिंसाचारावर त्या वेळी टीका झाली. नाटककार ॲलन बेनेट यांनी ‘लिसनर’ साप्ताहिकात चित्रपटाचा कडक शब्दांत निषेध केला. रीव्ह्जने पत्र लिहून उत्तर दिले. त्याचा आशय असा की, हिंसा किळसवाणी आहे, म्हणून ती किळसवाणीच दिसली पाहिजे. प्रेक्षकाला सुखाने पाहता येईल अशी हिंसा दाखविणे हे खरे अनैतिक. मला हे पटते. नायकाचा सूड पाहून आपण टाळ्या वाजवाव्यात अशी सोय या दिग्दर्शकाने ठेवलेली नाही.

आता इतिहासाकडे वळू. चित्रपटाने इतिहासात पुष्कळ फेरफार केले आहेत. खरा हॉपकिन्स प्राइससारखा प्रौढ नव्हता. तो विशीच्या मध्यावर असलेला तरुण होता, म्हणजे जवळपास दिग्दर्शकाच्याच वयाचा. चित्रपटात एका स्त्रीला जाळताना दाखविले आहे. प्रत्यक्षात इंग्लंडमध्ये चेटकाच्या गुन्ह्याला फाशीची शिक्षा असे. जॉन लोज हा मात्र खरा. तो ब्रँडेस्टनचाच पाद्री होता, ऐंशीच्या घरातला होता, आणि गावकऱ्यांशी त्याचे जुने तंटे होते. २७ ऑगस्ट १६४५ रोजी बरी सेंट एडमंड्स येथे एका दिवसात अठरा जणांना फाशी दिले गेले, त्यात तो होता. आपल्या अंत्यसंस्काराची प्रार्थना त्याने आपणच म्हटली, असे नमूद आहे.

आरंभ झाला एसेक्समधील मॅनिंगट्री गावी. एका शिंप्याची बायको आजारी पडली आणि संशय एलिझाबेथ क्लार्क या एका पायाने अधू असलेल्या म्हातारीवर आला. तिच्या आईलाही पूर्वी याच आरोपाखाली फाशी झाली होती. इंग्लंडच्या कायद्याने कबुलीजबाबासाठी शारीरिक यातना देण्यास मनाई होती. मग यातना म्हणून ओळखू येणार नाही अशी यातना शोधण्यात आली. आरोपी स्त्रीला रात्रीमागून रात्री झोपू द्यावयाचे नाही, डोळा लागलाच तर उठवून खोलीत चालवावयाचे, अंगावर सैतानाने दूध पिण्याची खूण शोधावयाची. अशा चार रात्रींनंतर कोणीही काहीही कबूल करील. म्हातारीने आपल्या पाळीव पिशाचांची नावे सांगितली. त्यांतील एकाचे नाव होते ‘व्हिनेगर टॉम’. मांजरे, कुत्री, ससे यांना घरातली माणसे जशी नावे ठेवतात तशीच ही नावे आहेत. एकाकी वृद्धेच्या सोबतीला असलेली जनावरे तिच्याविरुद्ध साक्षीदार म्हणून उभी करण्यात आली.

जुलै १६४५ मध्ये चेम्सफर्डच्या न्यायालयात सुमारे वीस स्त्रियांना फाशीची शिक्षा झाली. पुढील दोन वर्षांत हॉपकिन्स आणि स्टर्न यांच्या फेऱ्यांमुळे शंभरच्या आसपास माणसे मारली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. इंग्लंडमध्ये चेटकाविरुद्धचे कायदे अमलात होते त्या दोनशे वर्षांत मिळून पाचशेहून कमी माणसे फासावर गेली असावीत. म्हणजे जवळजवळ एकपंचमांश बळी केवळ दोन माणसांनी दोन वर्षांत घेतले.

हे कसे घडले? येथे माझ्या विषयाची थोडी मदत होते. ॲलन मॅकफार्लेन या अभ्यासकाने १९७० साली एसेक्सच्या न्यायालयीन दप्तरांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला; पुढच्याच वर्षी कीथ टॉमस यांचा मोठा ग्रंथ आला. दोघांनाही दप्तरात एकच गोष्ट पुनःपुन्हा आढळली. एक गरीब म्हातारी शेजाऱ्याच्या दारी थोडे दूध, लोणी किंवा धान्य मागावयास येते. शेजारी नाही म्हणतो. ती काहीतरी पुटपुटत निघून जाते. पुढे त्या घरातले मूल आजारी पडते किंवा गाय आटते. शेजाऱ्याला तो नकार आठवतो आणि तो म्हणतो, तिनेच केले.

लक्षात घ्या, अन्याय शेजाऱ्याच्या हातून घडलेला आहे आणि आरोप म्हातारीवर येतो. जुन्या गावगाड्यात दारी आलेल्याला रित्या हाताने पाठवावयाचे नाही हा धर्म होता. १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोटासाठी कर बसविला. कर भरणाऱ्याला वाटू लागले की आपले कर्तव्य संपले. पण जुनी सदसद्विवेकबुद्धी काही कायद्याने संपत नाही. ती आतून टोचत राहते, आणि त्या टोचणीतून सुटण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे मागणाऱ्यालाच दुष्ट ठरविणे.

ही मानसिकता आपल्याला परकी आहे असे मी म्हणणार नाही. १९७२ च्या दुष्काळात मी दहा-बारा वर्षांचा होतो. आमच्या दारी एक म्हातारी ताक मागावयास येत असे. एके दिवशी आजीने तिला नाही म्हटले. घरातच पुरेसे नव्हते. त्याच आठवड्यात आमची गाय आटली. वैरण नव्हती, ती आटणारच होती. पण आजी संध्याकाळी ओसरीवर बसून म्हणाली, “तिची नजर लागली.” मग बराच वेळ गप्प राहून म्हणाली, “मीच तिला रिकामी धाडली.” दुसऱ्या दिवशी आजीने शेजारणीकडून तांब्याभर ताक उसने घेतले आणि ते माझ्या हाती म्हातारीच्या खोपटात पाठविले. आमच्या गावातली गोष्ट तेथेच संपली. पण तिच्या त्या दोन वाक्यांच्या मध्ये कोणी मनुष्य घोड्यावरून आला असता आणि “नजर लागली म्हणता? मी शोधून देतो,” असे म्हणाला असता, तर काय झाले असते याचा विचार मी पुढे अनेकदा केला आहे.

हॉपकिन्स हा तो घोड्यावरून आलेला मनुष्य. गावातील संशय त्याने निर्माण केला नाही. त्याने त्या संशयाला गिऱ्हाईक आणि दर मिळवून दिला. १६४७ साली त्याने प्रश्नोत्तरांच्या रूपात एक पुस्तिका छापली. तीत तो म्हणतो की आपण एका गावामागे अवघे वीस शिलिंग घेतो आणि त्यातच घोड्यांचा व माणसांचा खर्च भागवितो. स्टोमार्केट गावचे दप्तर मात्र तेवीस पौंडांचा खर्च दाखविते. मजुराची रोजी सहा पेन्स धरली, तर तेवीस पौंड म्हणजे नऊशे वीस दिवसांची मजुरी होते. इप्सविच येथे या कामासाठी वेगळा कर बसवावा लागला. गरिबांना पोसण्याच्या कराबद्दल कुरकुरणारे गाव, गरिबांना फाशी देण्यासाठी नवा कर भरावयास तयार झाले. हा ताळेबंद चित्रपटात नाही. परंतु प्राइसच्या थंड चेहऱ्यावर तो मला वाचता आला.

आता जो मुद्दा मला आज मुख्यत्वे मांडावयाचा आहे त्याकडे येतो. हॉपकिन्स कोणाच्या राज्यात वावरत होता? राजाच्या नव्हे. एसेक्स, सफोक, नॉरफोक हे सारे परगणे पार्लमेंटच्या ताब्यात होते. किंबहुना ते पार्लमेंटच्या पक्षाचे बालेकिल्लेच होते. चित्रपटातही नायक पार्लमेंटचा शिपाई आहे, आणि क्रॉमवेल स्वतः एका प्रसंगात येऊन त्याला बढती देतो.

आपण समाजवादी ही इंग्रज क्रांती आपल्या वारशात गणतो, आणि ते योग्यच आहे. ख्रिस्तोफर हिल यांच्यासारख्या इतिहासकारांनी तिच्या पोटातील लोकशाहीचे प्रवाह आपल्याला दाखविले. राजाला लोकांपुढे जाब द्यावा लागेल हे तिने जगाला शिकविले. पुटनी येथील चर्चमध्ये साध्या शिपायांच्या प्रतिनिधींनी मताच्या हक्काची मागणी केली. विन्स्टन्लीच्या सोबत्यांनी १६४९ साली गायरानात फावडे घालून जमीन सर्वांची आहे असे सांगितले. आता तारखा शेजारी शेजारी मांडून पाहा. १४ जून १६४५ रोजी नेझबीच्या रणांगणावर पार्लमेंटच्या नव्या फौजेने राजाचा पराभव केला. त्यानंतर महिन्याभरात चेम्सफर्डचा खटला उभा राहिला. हॉपकिन्स ऑगस्ट १६४७ मध्ये आपल्या गावी आजाराने वारला. पुटनीची चर्चा सुरू झाली ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेरीस. म्हणजे मताच्या हक्काचा आवाज आणि जागवून मारलेल्या म्हाताऱ्यांचा आक्रोश हे एकाच बाजूच्या राज्यात, एकाच दशकात उठलेले आवाज आहेत.

पुरोगामी बाजूने हे का होऊ दिले? मला दोन कारणे दिसतात. पहिले, युद्धाने संस्था मोडल्या. लंडनहून फिरतीवर येणाऱ्या न्यायाधीशांची घडी विस्कटली होती. चेम्सफर्डच्या खटल्यात अध्यक्षस्थानी कायदा कोळून प्यालेला न्यायाधीश नव्हता, तर वॉरिकचा अर्ल हा सरदार होता. पुरावा म्हणजे काय असे विचारणारा माणूस खुर्चीवरून उठला की हॉपकिन्स खुर्चीजवळ येतो. ‘विचफाइंडर जनरल’ ही पदवी त्याला पार्लमेंटने दिलेली नव्हती. ती त्याने स्वतःच लावून घेतली, आणि अशा काळात ती कोणी तपासत नाही.

दुसरे कारण अधिक अवघड आहे. आपल्या बाजूने शत्रूला सैतान म्हणावयास आरंभ केला होता. धर्मोपदेशक सांगत होते की हे युद्ध देव आणि सैतान यांच्यातील आहे. राजपुत्र रूपर्टचा ‘बॉय’ नावाचा कुत्रा १६४४ साली मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला. तो कुत्रा म्हणजे चेटकाचा अवतार अशी पत्रके त्या काळात फिरत होती. हॉपकिन्सच्या आधी जेमतेम एक वर्ष विल्यम डाउसिंग हा मनुष्य अधिकारपत्र घेऊन याच प्रदेशातील चर्चमधल्या मूर्ती आणि रंगीत काचा फोडीत हिंडला होता. काचेतील सैतान फोडून झाल्यावर माणसांतील सैतान शोधणे ही पुढची पायरी ठरली. समोरचा मनुष्य चुकीच्या हितसंबंधांचा प्रतिनिधी आहे असे म्हटले की त्याच्याशी वाद घालता येतो. तो सैतान आहे असे म्हटले की वाद संपतो, आणि मग सैतान ओळखण्याचे कसब कोणाकडे आहे एवढाच प्रश्न उरतो.

मग हा प्रकार थांबला कसा? चित्रपट म्हणतो कुऱ्हाडीने. इतिहास वेगळे सांगतो. ग्रेट स्टॉटन गावचा पाद्री जॉन गॉल याने व्यासपीठावरून हॉपकिन्सविरुद्ध बोलावयास आरंभ केला आणि १६४६ साली पुस्तक छापले. हा गॉल बुद्धिवादी नव्हता. चेटूक असते यावर त्याचा विश्वास होता. त्याचे म्हणणे एवढेच की, सुरकुतलेली, गरीब, तोंडाळ म्हातारी दिसली की तिला चेटकीण ठरविणे हा न्याय नव्हे. पार्लमेंटच्या बाजूच्या एका वृत्तपत्रानेही या खटल्यांविषयी शंका छापली. युद्ध ओसरले, फिरते न्यायाधीश परतले आणि नॉरफोकच्या न्यायाधीशांपुढे हॉपकिन्सच्या पद्धतीविषयी लेखी प्रश्न दाखल झाले. त्याची पुस्तिका ही त्या प्रश्नांना दिलेली उत्तरेच आहेत. गावोगावच्या लोकांनाही खर्च डोईजड झाला होता. ज्याला दोन वर्षे कोणी काही विचारले नव्हते, त्याला लोक विचारू लागले; आणि उत्तरे देण्याची पाळी आल्यावर तो धंदा पुन्हा तसा चालला नाही. चेटकाविरुद्धचा कायदा रद्द व्हावयास मात्र १७३५ साल उजाडावे लागले.

चित्रपटातील मार्शलला हा मार्ग माहीत नाही. तो शूर आहे, त्याचे दुःख खरे आहे, आणि तो आपल्या बाजूचा आहे. तरीही अखेरच्या दृश्यात त्याच्या आणि हॉपकिन्सच्या चेहऱ्यात अंतर उरत नाही. ज्या साराच्या नावाने त्याने शपथ घेतली तिच्याकडे त्या क्षणी तो वळूनही पाहत नाही. ती वाचली आहे, पण तिचे काय उरले आहे हे त्याला विचारावेसे वाटत नाही.

हा विषय केवळ सतराव्या शतकातला नाही हे आपण जाणता. टांझानियातील खेड्यांची आकडेवारी घेऊन एडवर्ड मिगेल या अर्थतज्ज्ञाने २००५ साली दाखविले की अवर्षणाच्या किंवा अतिवृष्टीच्या वर्षी चेटकीण म्हणून होणारे खून दुप्पट होतात, आणि बळी बहुधा वृद्ध स्त्रिया असतात. आपल्याकडे बिहारने १९९९ साली आणि झारखंडने २००१ साली डायन प्रथेविरुद्ध कायदे केले. सातपुड्याच्या पाड्यांवर ‘डाकीण’ हा शब्द एखाद्या विधवेच्या नावाला चिकटला की तिचे काय होते, हे तेथे काम करणारे आपले साथी सांगू शकतील. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर अनेक वर्षे झगडले. प्रश्न विचारणाऱ्या त्या माणसाला त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात गोळ्या घालण्यात आल्या, आणि त्यानंतर वटहुकूम निघाला. प्रश्न विचारणे हा कुऱ्हाडीपेक्षा सोपा मार्ग आहे असे मी म्हणत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी अशा प्रसंगी जागेवर जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात असे मला वाटते. पहिली, पुरावा काय आणि तो कोणी तपासला? दुसरी, या प्रकरणात पैसा कोणाकडून कोणाकडे गेला, आणि त्या बाईच्या नावावरील जमिनीचे पुढे काय झाले? तिसरी गोष्ट आपण आपल्यालाच विचारावयाची आहे: हे आपल्या बाजूच्या राज्यात, आपल्या सभेत, आपल्या पत्रकातल्या भाषेमुळे तर घडत नाही ना? पहिले दोन प्रश्न आपण नेहमी विचारतो. तिसरा विचारताना आपला आवाज खाली जातो, हा माझा अनुभव आहे, आणि त्यात मी स्वतःलाही धरतो.

मी माझ्या वेळेपेक्षा थोडे अधिक बोललो. आता आपले प्रश्न ऐकावयास मी उत्सुक आहे.